पहिलं भाड्याचं घर आणि पाच महिन्यांची रंगीत तालीम

आमच्या सत्तरी तालुक्यात एखादा पोरगा भाड्याच्या खोलीत राहायला निघाला म्हटलं की शेजारीण आईला हळूच विचारते, "घरात काही बिनसलंय काय गे?" गोवा तो केवढासा! बहुतेक ठिकाणी दोन-अडीच तासांत पोचता येतं, मग भाडं कशाला भरायचं, हा आपल्याकडचा सरळ हिशेब. मीही तो मानला आणि तीन वर्षं वाळपई ते पणजी स्कूटर हाणली. चौथ्या पावसाळ्यात पाठीने राजीनामा दिला, तेव्हा पणजीजवळ मेरशीत खोली घेतली. घेतली ती कसलीही तयारी न करता. पहिल्याच महिन्याच्या वीस तारखेला मी मित्राकडे पाच हजार उसने मागत होतो. पगार बरा होता, भाडंही आवाक्यातलं होतं. पण मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत फिरलो होतो, "भाडं किती?" पहिल्या दिवशी खिशात किती लागतील, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

तोच हिशेब आता मांडू. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, तुमच्या भागात कमी-जास्त असतील.

समजा, पर्वरीत किंवा मेरशीत एक बेडरूमचा छोटा फ्लॅट महिना १२,००० रुपयांना मिळतोय. मालक दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतो, म्हणजे २४,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, १२,०००. एजंटमार्फत गेलात तर त्याची दलाली, अनेकदा एका महिन्याच्या भाड्याएवढी, म्हणजे आणखी १२,०००. स्टॅम्प पेपर, टायपिंग, नोटरी मिळून १,५०० धरा. इथवर ४९,५०० झाले आणि अजून त्या घरात चहासुद्धा उकळलेला नाही. चहाला गॅस हवा. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरचं डिपॉझिट जून २०२२ मध्ये वाढून २,२०० रुपये झालं, रेग्युलेटरचं २५०. त्यात भरलेल्या सिलिंडरची किंमत, शेगडी आणि नळी मिळवली की साडेसहा हजार होतात. गादी, बादल्या, चार भांडी, पडदे आणि पंखा यांचे ९,०००. (पंखा मुद्दाम लिहिला. आधीचा भाडेकरू जाताना आपला पंखा काढून नेतो आणि मालक म्हणतो, "आम्ही कधी दिलाच नव्हता.") टेम्पो आणि हमाली ३,०००. झाले ६८,०००. नोकरीही नवी असेल तर पहिला पगार हाती पडायला महिना-दीड महिना जातो. तेवढ्या दिवसांचं जेवण आणि पेट्रोल १२,०००.

एकूण ८०,०००. बारा हजारांच्या घराचं दार उघडायला ऐंशी हजार.

यातला गॅसचा भार हलका करता येतो. एकट्या माणसाला पाच किलोचा छोटा सिलिंडर सुरुवातीला पुरतो आणि तो घ्यायला स्थानिक पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं. दोडामार्ग-सावंतवाडीकडून कामासाठी गोव्यात येणाऱ्या मुलांना ही सोय फार उपयोगी पडते, कारण त्यांच्या आधारकार्डावर पत्ता अजून गावचाच असतो.

आता या ऐंशी हजारांकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. त्यातले काही पैसे खर्च झाले आणि काही नुसते अडकले. दलाली, टेम्पो, भाडं हे गेले ते गेले. डिपॉझिट मात्र तुमचंच आहे, फक्त दुसऱ्याच्या खिशात आहे. त्यावर व्याज मिळत नाही आणि अडीनडीला ते मागताही येत नाही. म्हणून डिपॉझिट भरून झाल्यावर "माझे चोवीस हजार मालकाकडे सुरक्षित आहेत" असं म्हणून त्यांना बचतीत धरू नका. आजारपणात ते उपयोगाचे नाहीत.

या अडकलेल्या पैशाचा खरा चटका घर बदलताना बसतो. जुना मालक डिपॉझिट देतो किल्ली परत घेतल्यावर, कधी त्याच दिवशी, कधी "वीज बिल येऊ दे, मग बघू" म्हणत महिन्याभराने. नव्या मालकाला ते हवं असतं किल्ली देण्यापूर्वी. म्हणजे मधले काही दिवस तुमची दोन डिपॉझिटं एकाच वेळी बाहेर असतात. करार बहुधा अकरा महिन्यांचा, त्यामुळे हा प्रसंग येणार हे आधीच ठाऊक असतं, तरी तो दरवेळी अचानक आल्यासारखा वाटतो. राहायला गेल्यापासून महिन्याला दोन हजार बाजूला टाकले तर अकरा महिन्यांत बावीस हजार होतात. त्यांचं काम हेच.

डिपॉझिटवर कायद्याची काही मर्यादा आहे का, असं बरेच जण विचारतात. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेऊ नये, असं म्हटलंय. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो. तेव्हा "कायद्याने दोनच महिने" असं मालकाला सुनावण्यापेक्षा करारात काय लिहिलंय ते बघा. घासाघीस मात्र जरूर करा. घर दोन-तीन महिने रिकामं पडलं असेल तर मालकालाही घाई असते.

अकरा महिनेच का, हाही नेहमीचा प्रश्न. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी म्हणजे जादा मुद्रांक शुल्क, फी आणि उपनिबंधक कार्यालयाच्या फेऱ्या. अकरा महिन्यांवर थांबलं की ते टळतं. पण गोव्यात या आकड्यामागे कागदी कटकटीपेक्षा भीती मोठी आहे. १९६८ च्या इथल्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला घराबाहेर काढणं अवघड केलं. पुढे १९७५ च्या कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण मिळालं. गोरगरिबांसाठी ते गरजेचंच होतं. पण "एकदा आत घेतलेला माणूस बाहेर निघत नाही" ही धास्ती घरमालकांच्या मनात तेव्हापासून बसली. कित्येक जुनी घरं कुलूप लावून पडलेली दिसतात, त्याचं एक कारण हेही.

म्हणून मालक "भाडेपट्टा" टाळतो आणि "लीव्ह अँड लायसन्स" करतो. फरक सोपा आहे. भाडेपट्ट्यात त्या जागेत तुमचा काही हक्क तयार होतो. लायसन्समध्ये तुम्हाला फक्त राहण्याची परवानगी असते. पैशांच्या हिशेबात याचा अर्थ असा, की अकराव्या महिन्यानंतरचं काहीही गृहीत धरता येत नाही. भाडं किती टक्क्यांनी वाढणार, नूतनीकरणाला एजंट पुन्हा दलाली मागणार का, मुदतीआधी सोडलं तर किती दिवसांची नोटीस द्यायची, हे आजच विचारून लिहून घ्या. दुसऱ्या वेळी दलाली द्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं तर एजंट कुरकुरतो, पण बहुधा मानतो.

आता महिन्याचा खर्च. "पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं" हा नियम सगळीकडे ऐकू येतो. मला तो फारसा उपयोगी वाटत नाही, कारण लोक तो चुकीच्या पगाराला लावतात. नेमणूकपत्रात वर्षाला ४,२०,००० लिहिलं असतं, आपण बाराने भागून ३५,००० म्हणतो. त्या रकमेत भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो. तुमचा स्वतःचा बारा टक्के वाटाही कापला जातो. खात्यात येतात २९,००० च्या आसपास. मोबाइलवर जो मेसेज येतो तो तुमचा पगार. बाकी सगळं कागदावरचं.

त्या २९,००० तून भाडं १२,००० गेलं. वीज १,०००, गॅस आणि पाणी ६००, इंटरनेट व मोबाइल ९००, जेवणखाण ६,५००, शहरातल्या शहरात पेट्रोल १,५००, घरी द्यायचे ३,०००. बेरीज २५,५००. उरले साडेतीन हजार, त्यात स्कूटरचा एक टायर आणि एक दाढदुखी. चवथीला घरी जाताना रिकाम्या हाताने जाणार आहात का? तेव्हा या पगारावर हे घर एकट्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच घर दोघांत घेतलं की भाडं सहा हजार, वीज आणि इंटरनेट निम्मं, आणि हातात दहा हजारांच्या वर उरतात. जोडीदार निवडताना मात्र तो पगारदार आहे एवढंच बघू नका, तो पाच तारखेला पैसे देतो का हे बघा. आणि करारावर दोघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर करार असला तर दुसरा निघून गेल्यावर पूर्ण भाडं त्या एकाच्याच गळ्यात पडतं.

दुसरी बाजूही मांडायला हवी. घरी राहणं फुकट नसतं. वाळपईहून पणजी जाऊन-येऊन शंभरच्या आसपास किलोमीटर. लिटरमागे पन्नास धरले तरी रोज दोन लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर रोजचे दोनशे आणि महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे ४,८००. ऑइल, टायर, सर्व्हिसिंग धरून साडेपाच हजार. कदंबाची सरकारी बस स्वस्त पडते, पण शेवटची बस चुकली की कळतं. तर भाड्याच्या घरात गेल्यावर साडेपाचातले चार हजार वाचतात. पण आईच्या हातचं जेवण सुटतं आणि तिथे साडेसहा हजार लागतात. सगळी वजाबाकी केली तर वरच्या उदाहरणात एकट्याने राहण्याचा जादा खर्च महिन्याला साधारण १६,७०० येतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळी तयारी त्याच्यावर उभी आहे.

आमच्या गावात जत्रेच्या नाटकाला रंगीत तालीम झाल्याशिवाय कुणी रंगमंचावर पाय ठेवत नाही. दाढीमिशा, तलवार, पेटी-तबला सगळं खऱ्यासारखं, फक्त प्रेक्षक नाहीत. चुका त्याच दिवशी होऊन जातात. भाड्याच्या घराचीही अशीच तालीम करता येते. घरीच राहा आणि पगार झाला त्याच दिवशी त्या जादा खर्चातले १६,००० रुपये दुसऱ्या खात्यात टाका. त्या खात्याला यूपीआय जोडू नका, त्याचं कार्ड आईच्या कपाटात ठेवा. उरलेल्या पैशांत महिना काढा. पेट्रोलचे साडेपाच हजार, घरचे तीन, मोबाइल, आणि वर तीन-चार हजार हातखर्चाला. पुढे भाड्याच्या घरात गेल्यावर जे जगणार आहात ते हेच, फक्त अजून प्रेक्षक नाहीत.

पाच महिने हे जमलं तर १६,००० गुणिले पाच, ऐंशी हजार झाले. पहिल्या दिवशी लागणारी रक्कम नेमकी तेवढीच. कर्ज नाही, क्रेडिट कार्ड नाही, काकांकडे शब्द टाकणं नाही. आणि तिसऱ्या महिन्यात त्या खात्याला हात लावावा लागला, तर १२,००० चं घर आपल्याला झेपत नाही हे दलाली न भरताच कळलं. मग रक्कम कमी करून बघा. दहा हजार जमतात? मग खोली भागीदारीत घ्या, किंवा पणजीपासून थोडं लांब, फोंड्याच्या, डिचोलीच्या बाजूला बघा. माझ्या एका भावाने ही तालीम केली आणि चौथ्या महिन्यात भाड्याचा नाद सोडून ऑफिसातल्या दोघांबरोबर गाडीचं पेट्रोल वाटून घेतलं. त्याच्यासाठी तेच बरोबर होतं.

ज्यांना घरी राहून तालीम करणं शक्य नाही, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून इथे राहावं लागणार आहे, त्यांनी पहिले चार-सहा महिने खाटेवर (फक्त एका खाटेपुरतं भाडं देऊन) किंवा पेइंग गेस्ट म्हणून काढावेत. मान थोडा कमी वाटेल, पण पैसे फारसे अडकत नाहीत आणि कुठल्या वाड्यावर नेटवर्क येतं, कुठे पाणी जातं हे फुकट कळतं.

घर बघायला कधी जावं? जुलैत, धो धो पावसात. मार्चमध्ये गोव्यातलं प्रत्येक घर कोरडं, उजेडाचं आणि सुंदर असतं. जुलैत कौलांतून कुठे ठिबकतं, भिंतीला कुठवर ओल चढते, कपाटाच्या मागे बुरशी किती, सगळं समोर येतं. ओल म्हणजे पैसेच की. गाद्या, कागदपत्रं, चपला, कपडे, सगळ्यांना बुरा येतो.

किनारपट्टीत, कळंगुट, हणजूण, मोरजीकडे, पावसाळ्यातलं स्वस्त भाडं ऐकून हुरळून जाऊ नका. जूनमध्ये जो मालक निम्म्या भाड्यात घर देतो, त्याला ऑक्टोबरपासून पर्यटकांकडून दिवसाच्या दराने जास्त मिळतात. मुदत लेखी नसेल तर दसऱ्याच्या सुमारास तुम्ही पुन्हा टेम्पो शोधत असता.

विजेचं बिल विचारताना "साधारण किती येतं?" असं विचारू नका. मे महिन्याचं बिल दाखवा म्हणा. वीज खात्याच्या बिलात जास्त युनिटना जास्त दर लागतो, त्यामुळे एकाच मीटरवर मालकाचा मजला आणि तुमची खोली असेल तर त्याच्या एसीमुळे तुमच्या युनिटचा भावही चढतो. उपमीटर असेल तर युनिटचा दर किती घेणार, ते आधी ठरवा. मागची थकबाकी नाही ना, हेही त्याच बिलावर दिसतं.

पाण्याचं तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला जलवाहिन्या फुटल्या तेव्हा तिसवाडी आणि फोंड्यातल्या लोकांनी कित्येक दिवस नळाला थेंब पाहिला नाही. विहीर आहे का, टाकी केवढी, आणि टँकर आला तर पैसे कोण देणार? सोसायटीत राहणार असाल तर देखभालीचा मासिक खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, हाही त्याच ओळीतला प्रश्न. घरपट्टी मालकाची. ती तुमच्या माथी मारू देऊ नका.

गोव्यातली एक खास गुंतागुंत मालकीची. वाडवडिलांच्या घराचे वारस एक भाऊ लिस्बनला, एक लंडनला, बहीण मुंबईत, आणि भाडं घेणारा तिसराच पुतण्या, हे आपल्याकडे नवल नाही. त्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या इथल्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून घरपट्टीची पावती किंवा वीज बिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. करार करणारा दुसरा असेल तर मुखत्यारपत्र मागा. संकोच वाटेल, पण चुकीच्या माणसाला दिलेलं डिपॉझिट परत मागताना जास्त संकोच वाटतो. मालकही तुमची माहिती फॉर्मवर पोलिस ठाण्यात देईल. त्याचा राग धरू नका. उलट, जो मालक "फॉर्म-बिर्म काही नको" म्हणतो त्याच्याकडे घर घेताना दोनदा विचार करा.

ऑनलाइन जाहिरात बघून घर न पाहता टोकन पाठवू नका. बदली झालेला लष्करी अधिकारी असल्याचं सांगून, क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे तुमच्याच खात्यात येतील" म्हणणाऱ्यांनी पुष्कळांना गंडवलंय. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीचं ऑफिसात बरंच बोललं जातं. थोडक्यात सांगतो. ही सवलत फक्त जुन्या कररचनेत मिळते आणि पणजीसारख्या शहरात तिची एक कमाल मर्यादा मूळ पगार व महागाई भत्त्याच्या चाळीस टक्के आहे. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. पण २०२५-२६ पासून नव्या रचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या पगाराला मुळात करच नाही. तरी भाडं बँकेतूनच द्या आणि पावती घ्या. पुढे डिपॉझिटवरून वाद झाला तर उपयोगी पडणारा पुरावा तोच.

त्या वादाचा अनुभव मी घेतलाय. मेरशीची खोली सोडताना मालकाने भिंतीच्या ओलीचे म्हणून माझे चार हजार कापले. ती ओल मी राहायला जाण्यापूर्वीपासून होती, पण ते दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. करारात "रंगकामाचा खर्च भाडेकरूकडे" अशी अर्धी ओळ होती आणि मी सही करताना ती वाचली नव्हती. पुढच्या घराच्या करारात मी तीन वाक्यं घालून घेतली. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि पावसाळी ओल यांचे पैसे कापायचे नाहीत. जे कापाल त्याचं बिल दाखवायचं. उरलेलं डिपॉझिट किल्ली दिल्यापासून पंधरा दिवसांत बँकेत जमा करायचं. मालकीणबाईंनी चष्मा लावून ती वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली. सामान आत यायच्या आधी मी रिकाम्या घरात मोबाइलवर व्हिडिओ काढत फिरलो: भिंती, नळ, खिडक्यांच्या कड्या, न्हाणीघराची फुटकी टाइल, शेवटी वीज मीटरचं रीडिंग. तो व्हिडिओ तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "ती टाइल आमच्या पोरानं फोडली, तुमचे पैसे नाही कापणार."